आईला विचारायचं राहून गेलं होतं
'डेथ कॅफे' म्हणजे मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलायला लोक जमतात त्या बैठका. मला एकांनी विचारलं, हे म्हणजे दुःखात असलेल्यांचं समुपदेशनच ना? नाही हो. जॉन अंडरवूड यांनी २०११ मध्ये लंडनला पहिला 'डेथ कॅफे' स्वतःच्या घरीच भरवला. तेव्हापासून चहा-केक असतो, पण वक्ता नसतो, विषयपत्रिका नसते आणि कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे न्यायचं नसतं. नुकतंच माणूस गेलेल्याला तिथे उलट जड जाऊ शकतं.

मी गेले तेव्हा एक आजोबा दोन्ही हातांत कप धरून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला व्हेंटिलेटर नकोय, पण मुलं विषयच काढू देत नाहीत." कुणीही सल्ला दिला नाही, सगळे नुसते ऐकत राहिले. घरी येऊन मी आईला विचारलं, तुला शेवटी काय हवंय? ती लगेच बोलायला लागली, जणू वाटच बघत होती.