मदत हवी आहे: फोटॉन मोजणाऱ्या पिक्सेलमधला काउंटर लहान कसा करू?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या गावी, यवतमाळातल्या दारव्ह्यापासून आत. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झालं, कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळे दिवसा वावरात आणि रात्री लॅपटॉपवर. प्रोजेक्ट आहे एकेक फोटॉन मोजणाऱ्या १६×१६ पिक्सेलच्या सेन्सरचा. चिप आखायची स्काय१३० ही फुकट मिळणारी किट, लेआउटला मॅजिक आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस, एवढंच भांडवल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पॅड म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजच्याही वर ताणून ठेवलेला डायोड. एक फोटॉन पडला तरी करंटचा लोंढा सुटतो, तो दाबायचा, पल्स मोजायची, डायोड पुन्हा ताणायचा. माझ्या किटमध्ये स्पॅड तयार मिळत नाही, म्हणून त्याची जागा मोकळी सोडून पल्स बाहेरून देतोय.

अडलंय ते मोजणीत. पिक्सेल २५ मायक्रॉनचा, म्हणजे ६२५ चौरस मायक्रॉन. १२ बिटांचा रिपल काउंटर टाकला, म्हणजे फ्लिपफ्लॉपची (एक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटची) रांग, एक उलटला की तो पुढच्याला ढकलतो. रीसेटवाला एक फ्लिपफ्लॉप साधारण २५ चौरस मायक्रॉन खातो, बाराचे झाले ३००. इन्व्हर्टर आणि वाचायचे स्विच धरले की साडेतीनशेच्या वर. डायोडला उजेड घ्यायला जागाच उरत नाही. एलएफएसआर (बिट एकेक घर पुढे सरकवणारी फ्लिपफ्लॉपची साखळी, जिचे काही बिट गेटमधून पुन्हा सुरुवातीला जोडलेले असतात) करून पाहू की डायनॅमिक फ्लिपफ्लॉप? परवा रात्रभर सिम्युलेशन लावलं होतं, दोन वाजता लाईन गेली, बॅटरी तशीही मेलेली. म्हणून चुकीच्या वाटेनं जाण्याआधी विचारतोय.

सोल्डरचा_धूर:
एलएफएसआरनं फ्लिपफ्लॉप कमी होत नाहीत, बिटाला एक लागतोच. फायदा दुसरीकडे आहे: मोजणी झाली की तीच साखळी शिफ्ट रजिस्टर म्हणून बाहेर ओढता येते, प्रत्येक बिटाला वेगळा वाचायचा स्विच नको. पण १२ बिट घेऊ नका. १२ ला पूर्ण लांबीच्या क्रमासाठी चार टॅप (साखळीतून बिट घ्यायच्या जागा), म्हणजे तीन एक्सॉर गेट. ११ ला ११ आणि ९ असे दोन टॅप, एकच गेट, आणि २०४६ पर्यंत मोजता येतं. आकडा उलटसुलट क्रमानं येतो, तो बाहेर तक्त्यावरून ओळखायचा. आणि रिपलमध्ये दर पल्सला सरासरी दोनच फ्लिपफ्लॉप उलटतात, इथे क्लॉक सगळ्यांनाच बसतो. वीज जास्त.

टेंभुर्णीखालचा:
डायनॅमिकच्या नादी लागू नको बाबू. त्यात बिट नुसत्या चार्जवर तग धरून असतो, आणि चार्ज गळतो. नेहमीच्या सर्किटात क्लॉक सारखा फिरतो म्हणून चालून जातं. तुझा क्लॉक म्हणजे फोटॉन. अंधारात तो येईल तेव्हा येईल, तोवर वरचे बिट विसरलेले असतील. गळती उष्णतेनं वाढते हेही ध्यानात ठेव. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री होते अन् लॅबमधला एसी बहुधा भिंतीवर शोभेलेच असते.

एक_बिट_पुरे:
मुळात पिक्सेलमध्ये १२ बिट हवेत कशाला? स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठाच्या स्विसस्पॅड २ सेन्सरमध्ये ५१२×५१२ पिक्सेल आहेत, १६.३८ मायक्रॉनचे, आणि पिक्सेलमध्ये मेमरी फक्त एक बिट. फोटॉन आला की नाही, बस. सेकंदाला ९७ हजारांवर फ्रेम काढतात आणि बेरीज बाहेर. कॅननसारखे लोक डायोड वरच्या थरात आणि सर्किट खालच्या थरात ठेवून जागेचं भांडणच मिटवतात, पण ते आपल्या खिशातलं काम नाही.

वेचणीचंच घ्या. बाया ओटीत कापूस घेतात, संध्याकाळी काट्यावर मोजतात, वही एकाच माणसाजवळ. प्रत्येकीच्या हातात वही दिली तर वेचायला हात कुठला उरणार? तुम्ही प्रत्येक पिक्सेलला वही दिलीय.

धागाकर्ता:
हे डोक्यात बसलं! रात्रीच हिशोब केला. पिक्सेलमध्ये ४ बिट, म्हणजे १५ पर्यंत. जास्तीत जास्त उजेड सेकंदाला १ लाख फोटॉन धरला. दर १०० मायक्रोसेकंदाला वाचलं तर सरासरी १०. पण फोटॉन पॉयसॉनच्या चालीनं, म्हणजे कधी कमी कधी जास्त येतात, १५ च्या वर जायची शक्यता सुमारे ५ टक्के, ते नको. दर ५० मायक्रोसेकंदाला वाचलं तर सरासरी ५, आणि १५ ओलांडणं दहा हजारांत एकदाही नाही. २५६ पिक्सेल, ४ बिट, सेकंदाला २० हजार वेळा: २ कोटी ४ लाख ८० हजार बिट. बाहेरचा एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) हे आरामात झेलेल. फ्लिपफ्लॉपची जागा ३०० वरून १०० वर.

आईला वहीची गोष्ट सांगितली, तर म्हणते, "एवढ्या घडीघडी काटा लावसान त मंग येचसान कवा?" आणि नेमकं तेच खटकतंय. एकेक ओळ वाचायला ५० भागिले १६, म्हणजे ३.१ मायक्रोसेकंद. तेवढा वेळ त्या ओळीचे काउंटर थांबवावे लागतात, शंभरातले ६ फोटॉन हुकणार. आकडा धरून ठेवायला पिक्सेलमध्ये दुसरा लॅच टाकला तर वाचवलेली जागा पुन्हा गेली.

सोल्डरचा_धूर:
आईंना प्रोजेक्ट गाइड करा! लॅच पिक्सेलमध्ये नको. अॅरेच्या (पिक्सेलच्या जाळीच्या) खाली फ्लिपफ्लॉपची एकच रांग ठेवा, १६ स्तंभ गुणिले ४ बिट, ६४ नग. निवडलेल्या ओळीचे आकडे एका झटक्यात तिच्यात उतरवा, काउंटर रीसेट करून लगेच मोकळे सोडा, आणि पुढची ओळ येईस्तोवर ती रांग सावकाश बाहेर ओढा. थांबणं मायक्रोसेकंदावरून काही नॅनोसेकंदांवर येईल. मात्र यात ४ बिट एकदम खाली उतरतात, म्हणजे एलएफएसआरच्या साखळीचा फायदा उरत नाही. साधा रिपलच ठेवा. फक्त उतरवण्याआधी पल्स बंद करून रिपल पूर्ण स्थिरावू द्या, नाहीतर ७ चा ८ होताना मधलाच भलता आकडा पकडाल.

धागाकर्ता:
६४ खाली सहज बसतात, तिथे जागाच जागा आहे. आज लाईन टिकली तर रात्री लेआउट टाकतो.