'नाइट'ला शिलेदार म्हणावं का?

प्रश्न : मध्ययुगीन युरोपावरचा एक लेख मराठीत आणतेय. नाइटला, म्हणजे तिथल्या चिलखतधारी घोडेस्वार योद्ध्याला, 'सरदार' लिहीत होते, पण पुढे लॉर्ड आला आणि त्याच्या पदरी वीस नाइट. सरदाराच्या हाताखाली सरदार? शिवाय जाउस्टिंगला (नाइटांचा घोड्यावरून भाल्याने झुंजायचा खेळ) कोशात 'द्वंद्वयुद्ध' दिलंय, ते पटत नाही.

– सरदार नकोच. 'शिलेदार' घ्या. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. नाइटलाही घोडा-चिलखत बहुधा स्वतःच उभं करावं लागे.

– शिलेदारात तो मान कुठे आहे? खांद्याला तलवार लावून नाइट करण्याचा विधी असे, शपथ असे. अर्थात मूळ शब्दालाही मान नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोऱ्या, चाकर. नाइटसाठीचे फ्रेंच शेव्हालिए, स्पॅनिश काबायेरो हे मात्र सरळ घोड्यावरून आलेले. आपला 'राऊत' उलट्या वाटेने आला : निघाला राजपुत्रापासून, पोचला साध्या घोडेस्वारापर्यंत. (बुद्धिबळात तर आपला मुळात नुसता घोडाच, इंग्रजांनी त्याचा नाइट केला!)

– जाउस्टिंगबद्दल. द्वंद्वयुद्धात वैर आलं, निकाल आला. हा खेळ होता. आधी टूर्नामेंट म्हणजे दोन टोळ्यांची मोकळ्या रानातली धुमश्चक्री. पकडलेल्याकडून घोडा, चिलखत किंवा खंडणी घ्यायची. १२व्या शतकात विल्यम मार्शल या इंग्रज नाइटने यावरच नाव आणि पैसा कमावला. जाउस्ट म्हणजे दोघंच, समोरासमोर घोडे फेकत, भाला रोखून. घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून १५व्या शतकात मधे आडवं कुंपण आलं. खेळातल्या भाल्याला टोकाऐवजी मुकुटासारखं बोथट बोंड असे, आणि समोरच्यावर भाला मोडला की गुण. तरी धोका होताच. १५५९ साली पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री मोडलेल्या भाल्याची ढलपी डोळ्यात घुसून दहा दिवसांनी गेला, आणि तोही मुलीच्या लग्नाच्या उत्सवात. मी 'भालेझुंज' लिहीन. 'भाला' म्हटल्यावर कुणी 'भालदार' सुचवेल, पण त्याच्यामागून चोपदार येतो.

– भालेझुंज आवडला, घेतला. लढाईच्या भागात शिलेदार आणि दीक्षेच्या परिच्छेदात नाइट, असं करते. राऊत मोह पाडतोय, पण वाचकाला आडनाव वाटेल.