घड्याळांचे यूट्यूब चॅनल कुठले बघता? दुकानदारी कुठली आणि खरी हौस कुठली?

चावीवाला_पोरगा

नमस्कार मंडळी. रात्री जेवण झालं की घड्याळांचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय, आणि नाद म्हणजे आपला कोल्हापुरी नाद, अर्धामुर्धा नाही. कागल एमआयडीसीत नोकरीला आहे, दिवाळीला बोनस येईल त्यातनं पंधरा हजारापर्यंत एक ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलेल तशी आपोआप चावी भरणारं घड्याळ, घ्यायचं मनात आहे. पण आता यूट्यूबनं मला पुरतं ओळखलंय, उघडलं की 'ही पाच घड्याळं चुकूनसुद्धा घेऊ नका', खाली 'हीच पाच घ्या', आणि त्याच्या खाली कोणतरी सिगार ओढत रोलेक्स टेबलावर आपटतंय. शिकायला मिळेल असं काय बघू? कोण विकायला बसलाय आणि कोण हौशी आहे हे मला कळत नाही. इंग्रजी समजतं पण भराभर बोलले की डोक्यावरनं जातंय. मराठीत कोण करत असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि 'त्यापेक्षा स्मार्टवॉच घे की' म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा, तुमच्यासारखे ऑफिसात भरपूर आहेत.

गुजरी_कॉर्नर

दुकानदार कोण हे विचारलंस ते बरं केलंस, कारण मोठ्या चॅनलमधले बरेचसे दुकानदारच आहेत. लपवत नाहीत ते, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

वॉचफाइंडर घे. जुनी महागडी घड्याळं विकणारी इंग्लंडची कंपनी, २०१८ ला रिशमों ग्रुपनं घेतली, म्हणजे कार्टिए, आयडब्ल्यूसी, पानेराय ज्यांचे तेच हिचे मालक झाले. आता हे डोक्यात ठेवून बघ, पण बघच, कारण इतकं जवळनं शूटिंग दुसरीकडे क्वचित बघायला मिळतं. काट्याच्या कडेला पॉलिश कुठं संपलंय आणि बारीक रेघांचं ब्रशिंग कुठं सुरू झालंय हे एकदा त्यांच्या व्हिडिओत दिसलं की नंतर महाद्वार रोडला काचेच्या कपाटातलं घड्याळ बघतानापण नजर तिकडंच जाते. बोलणं शांत, सिगार तर नाहीच.

होडिंकी २००८ ला ब्लॉग म्हणून सुरू झालं, बेंजामिन क्लायमरनं काढलेलं. त्यांची 'टॉकिंग वॉचेस' मालिका बघ, माणसं आपापली घड्याळं टेबलावर मांडून त्यांच्या गोष्टी सांगतात. गायक जॉन मेयरचा भाग गाजला होता, मला मात्र गोल्फवाल्या जॅक निकलसचा जास्त आवडतो, कारण तो वर्षानुवर्षं तेच एक सोन्याचं रोलेक्स वापरलेला माणूस, बोलण्यात संग्रह मिरवणं नाही. २०२४ ला होडिंकी 'वॉचेस ऑफ स्वित्झर्लंड' या शोरूमवाल्या ग्रुपनं विकत घेतलं, त्यामुळं नवीन मॉडेलचं कौतुक ऐकताना थोडं जपून घ्यायचं.

टेडी बाल्डासारे, ओहायोचा. आधी नुसते व्हिडिओ करायचा, आता बऱ्याच ब्रँडांचा अधिकृत डीलर आहे. उच्चार स्वच्छ आणि बजेटप्रमाणे केलेले लांब व्हिडिओ असतात, तुला सुरुवातीला तोच सोपा जाईल. लाँग आयलंड वॉच म्हणजे न्यूयॉर्कचा मार्क, तो तर उघड दुकानदार, आयलँडर नावाचा स्वतःचा ब्रँडपण काढलाय, पण सीको, ओरिएंट, सिटिझन या आपल्या खिशातल्या घड्याळांबद्दल असा बोलतो जसा आपल्याकडचा जुना दुकानदार कापड उलगडून दाखवतो. ऑस्ट्रेलियाचा जोडी, 'जस्ट वन मोअर वॉच', हा पण स्वस्तातल्या घड्याळांचा माणूस, बोलतो जरा भराभर, तिथं तुझी गोची होईल.

त्याला उपाय म्हणजे सेटिंगमधनं स्पीड ०.७५ कर आणि इंग्रजी सबटायटल चालू ठेव. मराठीत कोण काढत असेल तर पहिला सबस्क्राइबर मी.

माझी पारख एवढीच, की घड्याळ रोज किती सेकंद पुढं-मागं जातंय हे माणूस मोजून दाखवतो का. जो नुसता 'गॉर्जियस डायल' करत बसतो तो बंद करायचा.

लेथवाला_उद्यमनगर

रिव्ह्यू बघून काय हुतंय भावा, डबी बघून मिठाई कळत न्हाई, आत काय हाय ते बघ की. मी दिवसभर लेथवर असतोय म्हणून मला तसलंच आवडतंय म्हणा, पण तू 'रिस्टवॉच रिव्हायव्हल' लाव आजच. मार्शल सटक्लिफ म्हणून अमेरिकन गडी हाय, घड्याळजी न्हवं तो, 'मॅजिक द गॅदरिंग' नावाच्या पत्त्याच्या खेळाची कॉमेंट्री करतोय, हौसेनं शिकलाय, आणि म्हणूनच समजावून सांगताना आपल्यासारख्याला कुठं अडकायला हुतंय ते त्याला बरोबर ठाऊक असतंय. बंद पडलेलं घड्याळ घेतोय, सगळं खोलतोय, एकेक चक्र धुतोय, परत बसवतोय, तेल कुठं घालायचं आन् कुठं अजिबात घालायचं न्हाई ते दाखवतोय.

दोन-चार व्हिडिओत तुला सगळी साखळी पाठ हुईल. चावी दिली की मेन स्प्रिंग गुंडाळती, ती उलगडताना चक्रांची रांग फिरवती, शेवटी एस्केप व्हील, त्याला पॅलेट फोर्क अडवतोय आन् सोडतोय, आन् किती येळानं सोडायचं ते मागं-पुढं झुलणारं बॅलन्स व्हील ठरवतंय. टिकटिक म्हंजे ते अडवल्याचा आवाज. तासाला १८,००० ठोकं म्हंजे सेकंदाला ५, २१,६०० म्हंजे ६, २८,८०० म्हंजे ८, म्हणून महागाचा सेकंद काटा पाण्यावानी सरकतोय आन् आपल्या जुन्या एचएमटीचा जरा उड्या मारत जातोय. हे एकदा कळलं की कुठल्या शोरूमवाल्याची बडबड तुझ्यावर चालत न्हाई बग.

आणि 'क्लिकस्प्रिंग' बघितलं न्हाईस तर कोल्हापूरचं नाव सांगू नगंस. हातातलं घड्याळ न्हवं ते, पण ऑस्ट्रेलियाचा ख्रिस पितळंच्या पत्र्यापासनं आख्खं घड्याळ करतोय, चक्राचा एकेक दात कापतोय, स्क्रू तापवून निळं करतोय. ग्रीसच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातनं १९०१ ला जे दोन हजार वर्सापूर्वीचं दातरी चक्रांचं यंत्र निघालं, अँटिकिथेरा म्हणत्यात त्याला, ते पण त्या काळात असतील तसल्याच हत्यारांनी करालाय. आमच्या शॉपमधी चहाच्या सुट्टीला मोबाईल वर्कबेंचला टेकवून लावला तवा मिस्त्री, हेल्पर सगळी गप उभी. फिनिशिंग बघून एक जण म्हणाला, ह्याला आपल्याकडं बोलवा, पगार ठरवूया. लई भारी काम, जाळ आन् धूर संगटच!

पापाची_तिकटी_७१

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक राहिलं. हे व्हिडिओ बघून पोरं तापतात आणि ऑनलाइन जुनी घड्याळं मागवत सुटतात. चकचकीत केशरी नाहीतर निळ्या डायलची सीको ५, हजार-बाराशेत, 'व्हिंटेज' म्हणून. असल्या घड्याळांना परदेशातले घड्याळं जमवणारे 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्याच राजधानीचं नाव जगभर झालंय. डायल पुन्हा रंगवलेला, काटे दुसऱ्याचे, बॉडी तिसऱ्याची. चालतं ते, फसवणूक एवढीच की ओरिजिनल म्हणून विकतात.

ओळखायचं कसं, तर सीकोच्या मागच्या झाकणावर दोन आकडे जोडून दिलेले असतात, उदाहरणार्थ ७००९-८७६०. त्यातला पहिला म्हणजे आतलं मशीन, दुसरा बॉडी. डायलच्या अगदी तळाला, सहाच्या खाली, बारीक अक्षरात मशीनचा तोच नंबर असायला पाहिजे. रंगवलेल्या डायलवर बहुतेक वेळा ते बारीक अक्षर गायबच असतं, नाहीतर फिसकटलेलं. झाकणावर जो सिरियल नंबर असतो त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. म्हणजे ७३ ने सुरू होत असेल तर मार्च, साल ७७ की ८७ ते मॉडेलवरनं ठरवायचं.

जुन्यात हात घालायचाच असेल तर एचएमटी घे. १९६१ ला सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला सुरू झालेला कारखाना, २०१६ ला सरकारनं बंद करायचं ठरवलं, पण ०२३१ हे चावीचं सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे आतले खडे) मशीन अजून पायलीला पन्नास सापडतंय. खोलायला शिकायचं तर त्याच्यावर शीक. शिकवणारं चॅनल म्हणशील तर हॉलंडचा घड्याळजी कॅले, चॅनलचं नाव 'क्रोनोग्लाइड'. हाडाचा कारागीर आहे, स्क्रूड्रायव्हरला धार कशी लावायची इथनं सुरुवात करतो. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे.

मिरजकर_तिकटीची_मनी

सगळ्या दादा लोकांनी सांगितलं, आता माझंही ऐका. या चॅनलांवर ज्याच्या त्याच्या मनगटावर बेचाळीस मिलिमीटरचं घड्याळ शोभून दिसतं कारण मनगटंच तसली असतात. माझं मनगट सहा इंचाच्या आत आहे, आणि आपल्याकडे बऱ्याच पोरांचंही साडेसहाच्या पुढं जात नाही, उगाच छाती काढू नका. बॉडीच्या व्यासापेक्षा, पट्टा जिथं अडकतो त्या बॉडीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं माप बघा, ही टोकं म्हणजे लग, म्हणून लग टू लग म्हणतात ते. ते मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं की घड्याळ बशीसारखं बसतं.

म्हणून मला टिम मोसो आवडतो. आधी वॉचबॉक्स होतं, आता द १९१६ कंपनी झालंय, तेही विकणारेच. पण हा बाबा संगीत नाही, काही नाही, घड्याळ हातात घेऊन सगळी मापं सांगत सुटतो, स्वतःचं मनगट किती तेही सांगतो. घड्याळं आपण जन्मात घेणार नाही असली असतात. तरी मापं घेऊन बोलायचं कसं ते त्याच्याकडनं शिकावं.

बायकांच्या घड्याळांवर कोण धड बोलत नाही ही तक्रार आहेच. दाखवलंच तर हिरे लावलेलं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ. मी छत्तीस मिलिमीटरचं 'पुरुषांचं' ऑटोमॅटिक वापरते, राजारामपुरीतल्या एका दुकानात "मिस्टरांसाठी का मॅडम" म्हणून विचारलं होतं, तिथं घेतलं नाही.

चावीवाला_पोरगा

आयला, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. काल रिस्टवॉच रिव्हायव्हल लावलं आणि आई उठून बघायला आली की हा अजून जागा कसा. आता दोन शंका. रिव्ह्यूत सारखं ७एस२६ आणि एनएच३५ ऐकतोय, फरक काय? आणि दुसरं, ३० मीटर लिहिलेलं घड्याळ आपल्या पावसात चालेल ना? मी बाईकनं जातो, जुलैत कागलपर्यंत अंगावर कोरडं काही राहत नाही.

गुजरी_कॉर्नर

दोन्ही सीकोचीच मशीन, दोन्ही तासाला २१,६०० वाली. ७एस२६ ला चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही आणि हातानं चावीपण देता येत नाही, हलवूनच चालू करायचं. एनएच३५ मध्ये दोन्ही जमतं, पूर्ण भरलं की साधारण ४१ तास चालतं, आणि सीको ते दुसऱ्या कंपन्यांनापण विकते म्हणून छोट्या ब्रँडांत तेच सापडतं. कंपनी स्वतःच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद म्हणते, त्यामुळं दहा सेकंद पुढं गेलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नकोस.

लेथवाला_उद्यमनगर

३० मीटरवर पावसात? न्हाई भावा. ते तीस मीटर पाण्याखाली न्यायचं माप न्हवं, नव्या घड्याळाच्या टेस्टिंगला तेवढा दाब सोसतोय का बघितलेला असतोय. हात धुताना शिंतोडं उडालं तर चालतंय एवढंच समज. बाईकवर समोरनं झोडपणाऱ्या पावसाला निदान १०० मीटर आन् फिरवून लावायची चावी असलेलं बग. 'डायव्हर्स २००' लिहिलेलं असंल तर ते आयएसओ ६४२५ ह्या डायव्हरच्या घड्याळांच्या जागतिक नियमापरमानं तपासलेलं असतंय, मग रंकाळ्यात उडी मार. आन् रबरी गॅस्केट वर्सा-दोन वर्सानं बघून घ्यायचं, वाळलं की दोनशे मीटरचं पण पाणी घेतंय.

मिरजकर_तिकटीची_मनी

रंकाळ्यात नको, घड्याळ राहील, तूच हिरवा होऊन वर येशील.

बाकी पावसाळ्यात चामडी पट्टा काढून नायलॉनचा लाव. पट्टा स्वतः बदलायला शिकलास तर पैसे वाचतात, त्याचं हत्यार स्वस्तात मिळतं. लगवर ओरखडा उठू नये म्हणून आधी सेलोटेप लाव.

चावीवाला_पोरगा

ठरलं मग, १०० मीटर आणि एनएच३५, नाहीतर तशाच ताकदीचं सिटिझनचं मियोटा मशीन. मनगट मोजलं, सव्वासहा इंच. रविवारी दुकानं बघायला बाहेर पडतोय, लग टू लग मोजायला पट्टी खिशात टाकून. लेथवाले दादा, तुमचं शॉप रविवारी चालू असतं का? क्लिकस्प्रिंग मोठ्या स्क्रीनवर बघायचंय म्हणतो.

लेथवाला_उद्यमनगर

आमच्याकडं सुट्टी सोमवारी असती. रविवारी ये दुपारी, चहा सांगून ठेवतो. स्क्रीन मोबाईलचीच हाय पण.