परकीय भाषा पहिलीपासून शिकवून काय साधते?

अनुस्वार (धागाकर्ता):
2020 साली जपानने पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय केला, तर फिनलंडने मातृभाषेखेरीजची पहिली भाषा, जी बहुतेक मुलांच्या बाबतीत इंग्रजीच असते, थेट पहिलीत आणली. मात्र फिनिश मुले पूर्वी तिसरीपासून शिकत, तेव्हाही इंग्रजी सहज बोलत. जपानी विद्यार्थी माध्यमिक शाळेत सहा वर्षे इंग्रजी शिकूनही बोलताना कचरतात. फिनलंडमध्ये परदेशी चित्रपट आणि मालिका बहुधा मूळ भाषेतच सबटायटलसह दाखवतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरही कान तयार होत राहतो. जपानात विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत वाचणे आणि ऐकणे तपासतात, बोलणे नाही. मग बोलण्याचा सराव करवून घेणार कोण? इयत्ता खाली आणणे हा मला तरी वरवरचा उपाय वाटतो.

पाणपोई:
असहमत. घरी काय ऐकू येते हे सरकारच्या हातात नसते, शाळेचे वेळापत्रक असते. इंग्लंडने 2004 साली चौदा वर्षांपुढील मुलांची परकीय भाषेची सक्ती उठवली आणि काही वर्षांतच ती घेणारे निम्म्याहून कमी उरले. जपानचेच पुढे सांगायचे, तर बोलणे तपासण्यासाठी खासगी परीक्षा वापरण्याचा बेत 2019 साली लांबणीवर पडला आणि नंतर सोडून देण्यात आला, कारण शुल्क आणि परीक्षा केंद्रांचे अंतर यांमुळे ग्रामीण मुलांवर अन्याय होईल, अशी ओरड झाली. शाळेने अंग काढून घेतले की भाषा ऐपतवाल्यांचीच होते. महाराष्ट्रात 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, ते यासाठीच.

अनुस्वार:
हेतूबद्दल वाद नाही. पण स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या आणि ते क्वचितच बोललेल्या गुरुजींवर एकाएकी ते शिकवण्याची जबाबदारी आली, आणि मुले 'ए फॉर ॲपल' घोकत राहिली. जपानमध्येही प्राथमिकचे वर्गशिक्षक याच पेचात सापडले.

दहिवर:
थोडे अवांतर: आमच्याकडे अकरावीत जर्मन घेणाऱ्यांपैकी कितीजण गुणांखेरीज अन्य कारणाने घेतात? माझ्या मुलीला त्यात भरघोस गुण मिळाले. जर्मन पाहुण्यांसमोर मात्र ती इंग्रजीतच बोलली.

पाणपोई:
दहिवर, तो दोष परीक्षेचा आहे, लवकर सुरुवातीचा नव्हे. अकरावी म्हणजे उशीरच झाला. अनुस्वार, शिक्षकांचे म्हणणे मान्य, परंतु ते तयार होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर आज पहिलीत असलेली मुले तोवर दहावी होऊन बाहेर पडतील.