होम थिएटर संगणकासाठी टीव्ही ट्यूनर कार्ड : पुण्यात कोणते घ्यावे, की घेऊच नये?

कोथरूडकर (धागाकर्ता)

दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली मी एक छोटा संगणक ठेवला आहे. चित्रपट, गाणी आणि घरची छायाचित्रे त्यावरूनच पाहिली जातात. वडिलांना सह्याद्री वाहिनीवरचे अभंग आणि नाट्यसंगीत ऐकण्याची मनापासून आवड आहे, पण कार्यक्रम त्यांच्या विश्रांतीच्या वेळी लागला की तो हुकतो. म्हणून याच संगणकात ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्हीचा संकेत संगणकाला घेऊ देणारे कार्ड, बसवून ते कार्यक्रम नीट साठवावेत असे ठरवले. ओळखीच्या ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी "आता कार्ड कशाला?" असाच प्रतिप्रश्न केला. मला ते पटत नाही. पुण्यात आज कार्ड घ्यायचे तर ते उपग्रहाचे, म्हणजे डीव्हीबी-एस२ जातीचे, संगणकाच्या आत पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे असावे आणि गच्चीवर स्वतःची छत्री (डिश अँटेना) असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतापर्यंत मी अनुभवातून आलो. पूर्वी तापकीर गल्लीतून एक अॅनालॉग कार्ड घेतले होते. केबलची तार थेट त्याला जोडली की सगळ्या वाहिन्या दिसत. परंतु कार्डावर एन्कोडर, म्हणजे चित्र आवळून लहान करणारी चिप, नव्हता. ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या, सेकंदाला २५ कच्च्या चौकटी संगणकाकडे येत; त्या तशाच साठवल्या तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागणार, आणि आवळून साठवायला जावे तर तेव्हाच्या प्रोसेसरला ते झेपत नसे व मधल्या चौकटी गळत. पुढे ६४-बिट विंडोज घातली, तेव्हा कार्डाच्या निर्मात्याने नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) दिलाच नाही आणि एक चालू वस्तू माळ्यावर गेली. त्यानंतर केबलही बदलली. शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात पुण्याची केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून तारेतून येणाऱ्या वाहिन्या कुलूपबंद असतात आणि ते कुलूप केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्समध्येच उघडते. त्यामुळे डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबलचे, कार्ड घेऊनही हाती फारसे काही लागत नाही. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना लावण्याचे दिवसही सरले, कारण दूरदर्शनने देशभरातली जवळजवळ सगळी अॅनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद केली.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. "डिजिटल टीव्ही ट्यूनर" म्हणून मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी कांड्यांपैकी पुष्कळशा आरटीएल२८३२यू या चिपवर बनलेल्या आणि जमिनीवरच्या प्रक्षेपणाचे फक्त डीव्हीबी-टी हे जुने मानक समजणाऱ्या असतात. भारताने जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ स्वीकारले आहे, आणि ते या कांड्यांना वाचता येत नाही. रेडिओ लहरींचे प्रयोग करणाऱ्यांना त्या फार उपयोगी पडतात. टीव्हीसाठी त्या घेऊ नयेत.

उरतो उपग्रह. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची उपग्रह सेवा जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते आणि तिला मासिक शुल्क नाही. सह्याद्री तिच्यावर आहे. उपग्रहावरून आलेला प्रवाह कार्ड जसाच्या तसा डिस्कवर लिहिते, त्यामुळे प्रोसेसरवर जवळजवळ भार पडत नाही आणि चित्राचा दर्जाही घटत नाही. ३ मेगाबिट दराची वाहिनी असेल तर तासाला सुमारे १.३५ जीबी जागा पुरते. शिवाय एका ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर) अनेक वाहिन्या एकत्र येत असल्याने त्यांपैकी दोन-तीन वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. ही सोय सेट टॉप बॉक्समध्ये मी पाहिलेली नाही. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

पेठेतला वाचक

आपले तांत्रिक विवेचन बिनचूक आहे, पण निवडीची सुरुवात आपण चुकीच्या टोकाकडून केली आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. घरात काय पाहिले जाते हे आधी ठरवावे आणि त्यानंतर कार्ड निवडावे. माझ्या आईला रात्री आठची मालिका पाहायची असते आणि ती सशुल्क वाहिनीवर लागते. आपण कितीही उत्तम डीव्हीबी-एस२ कार्ड बसवले तरी ती वाहिनी त्यात दिसणार नाही, कारण महिन्याचे पैसे भरणाऱ्या ग्राहकालाही त्याचे स्मार्टकार्ड स्वतःच्या संगणकात घालण्याची सोय कंपन्या देत नाहीत. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी तेथे असेलच असे नाही. अशा अनिश्चित पायावर छत्री, तारा आणि कार्ड यांचा खर्च का करावा?

मी वेगळा मार्ग धरला. हॉपॉगचे पीव्हीआर-१५० हे जुने कार्ड मी वापरलेले घेतले. त्यावर एमपेग-२ एन्कोडर आहे, म्हणजे आपल्या पहिल्या कार्डाचा दोष त्यात नाही. सेट टॉप बॉक्सच्या मागच्या एव्ही तारा कार्डाच्या एव्ही प्रवेशात जोडल्या आहेत आणि संगणकाला जोडलेला एक छोटा अवरक्त दिवा बॉक्ससमोर चिकटवला आहे; ठरलेल्या वेळी संगणकच त्या दिव्यातून रिमोटचे संकेत देऊन वाहिनी बदलतो. घरातली प्रत्येक वाहिनी, मग ती कोणत्याही कंपनीची असो, या मार्गाने रेकॉर्ड होते. चित्र हाय डेफिनिशन नसते हे मला मान्य आहे. परंतु आईला मालिकेतला संवाद ऐकायचा असतो आणि चेहरे ओळखायचे असतात, तेवढे त्यात भागते. निर्दोष चित्रात नको असलेले कार्यक्रम पाहण्यापेक्षा मला हे अधिक योग्य वाटते.

औंधची रहिवासी

दोघांच्याही म्हणण्यात गच्ची गृहीत धरलेली आहे किंवा टाळलेली आहे. आमचे घर अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आमच्या सज्जाला वायव्य दिशा मिळते. पुण्यातून ९३.५ अंशांवरचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश उंचीवर दिसतो, म्हणजे सज्जातून तो मिळणे अशक्य आहे. गच्चीवर छत्री बसवली तर तार आठ मजले खाली आणावी लागते. छत्रीसमोर बसवलेल्या एलएनबी या संकेतग्राहकापासून निघणारा संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि लांब तारेत तो, विशेषतः वरच्या टोकाला, चांगलाच क्षीण होतो. म्हणून कार्ड संगणकात बसवण्यापेक्षा सॅट-टू-आयपी पद्धतीचा, म्हणजे उपग्रहाचा संकेत घरच्या नेटवर्कवर पाठवणारा, नेटवर्क ट्यूनर छत्रीजवळच्या जिन्यात ठेवावा आणि तेथून साधी नेटवर्कची तार घरात आणावी. घरातल्या कोणत्याही संगणकाला किंवा टीव्हीला तो वापरता येतो, ड्रायव्हर बसवावा लागत नाही, आणि संगणक बदलला तरी ट्यूनर निरुपयोगी होत नाही. आपले जुने कार्ड ज्या कारणाने माळ्यावर गेले, ते कारणच या पद्धतीत उरत नाही.

कोथरूडकर

औंधच्या ताईंचा मुद्दा मी आधी घेतो, कारण त्याने माझ्या मतात फरक पडला आहे. ड्रायव्हरचा प्रश्न मी विंडोजपुरता समजत होतो. लिनक्सवर टीव्हीहेडएंड हे टीव्ही रेकॉर्ड करण्याचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एका मित्राने सांगितले की टीबीएससारख्या काही कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, समाविष्ट नसतात आणि कर्नल बदलला की ते पुन्हा बांधावे लागतात. म्हणून कार्ड घेतलेच तर ज्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे तेच घ्यावे, ही अट मी माझ्या मतात घालतो. उंच इमारतीत नेटवर्क ट्यूनर अधिक सोयीचा, हेही मान्य करतो. माझे घर मात्र दुमजली आहे आणि छत्रीपासून संगणकापर्यंत पंधरा मीटर तारही लागत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी अनेकदा वीज जाते. संगणकाला बॅटरीचा आधार आहे, जिन्यातल्या ट्यूनरला तो वेगळा द्यावा लागेल. त्यामुळे माझ्यापुरते आतले कार्डच बरे.

पेठेतल्या मित्रांशी मात्र माझा मतभेद कायम आहे. पीव्हीआर-१५० हे कार्ड पीसीआयचे आहे आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर तो स्लॉट येत नाही, म्हणजे एका कार्डासाठी जुना संगणक सांभाळत राहावे लागेल. बॉक्सने डिजिटल चित्राचे अॅनालॉग केले, कार्डाने पुन्हा त्याचे डिजिटल केले, या दुहेरी रूपांतरात सुरांचा तलमपणा हरवतो. मालिकेला ते चालेल, वडिलांच्या नाट्यगीतांना चालणार नाही. एचडीएमआयवरून घ्यावे तर एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण आड येते आणि रीतसर बनवलेली कॅप्चर कार्डे असा संकेत नाकारतात. आणि आपला बॉक्स एखाद्या दिवशी बंद राहिला किंवा त्याने पॅकची मुदत संपल्याचा संदेश पडद्यावर आणला, तर कार्ड इमानाने तोच संदेश तासभर रेकॉर्ड करते.

पेठेतला वाचक

तसा संदेश रेकॉर्ड झालेला मी दोनदा पाहिला आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. आवाजाबद्दलचे आपले म्हणणेही मी नाकारत नाही. तरीही ज्या घरात पाहिले जाणारे बहुतेक कार्यक्रम सशुल्क वाहिन्यांवर आहेत, त्या घराला आपला सल्ला लागू पडत नाही, आणि पुण्यात अशी घरे थोडी नाहीत. आपल्या शीर्षकात "पुण्यात कोणते घ्यावे" असे आहे. तेथे "ज्यांना फ्री डिश पुरेशी आहे त्यांनी" असे शब्द असते, तर मी वाद घातला नसता.

आपण कार्ड घेणारच असाल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. जोड ट्यूनरचे कार्ड घेऊन एलएनबी मात्र एकाच निर्गमाचा ठेवू नये. १३ किंवा १८ व्होल्ट देऊन ध्रुवीकरण (लहरींची आडवी किंवा उभी दिशा) निवडले जाते आणि २२ किलोहर्ट्झच्या संकेताने वारंवारतेचा पट्टा. एका तारेवर एका वेळी एकच निवड चालते, म्हणून दोन्ही ट्यूनर खरोखर स्वतंत्र हवे असतील तर दोन निर्गमांचा एलएनबी आणि दोन तारा लागतील. दुसरी गोष्ट, कार्डाचे पैसे देण्यापूर्वी कोणाकडून तरी फ्री डिशचा साधा बॉक्स आणून आपल्या छत्रीला जोडावा आणि संकेताची गुणवत्ता जोराच्या पावसात पाहावी. फ्री डिश ज्या केयू या वारंवारतेच्या पट्ट्यात येते, त्यातला संकेत पावसाने क्षीण होतो. कोरड्या दिवशी तो जेमतेम काठावर असेल तर जुलैमध्ये वडिलांचे कार्यक्रम मध्येच तुटतील, आणि तो दोष कोणतेही कार्ड बदलून जाणार नाही. त्यासाठी छत्री मोठी घ्यावी लागेल. माझ्याकडे एक बॉक्स पडून आहे; तो आपण घेऊन जावा.