घराबाहेर पाऊल न टाकता ह्यांना ऊन बाधलं. वरचा मजला, पाणी मोजून... कसं सांभाळू?

नेरूळच्या काकू

नमस्कार मंडळी. मी ७० वर्षांची, हे ७७. नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. वर थेट गच्ची, लिफ्ट नाही. मुलगी पुण्याला असते.

गेल्या मंगळवारची गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. हे दिवसभर उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. मी दारावर आलेल्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेऊन आत वळले, तर हे कपाटासमोर उभे होते आणि हातातली दुधाची पिशवी पासबुकांच्या कप्प्यात नीट उभी करून ठेवत होते. म्हटलं, अहो, हे काय करताय? माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, आईला सांग, मी आलोच." अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

माझे हातपायच गळाले. कपाळाला हात लावला तर गरम, पण घामाचा टिपूस नाही. ओठांवर पापुद्रे, जीभ कोरडी ठाक. शेजारचा मुलगा आणि वॉचमन यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली नेलं. दवाखान्यात प्रेशर निघालं ९०/६० आणि रक्तातलं सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी. दोन रात्री ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, उकाडा आणि गोळ्या, दोन्हींचा मिळून हा परिणाम.

माझी खरी अडचण पुढे आहे. ह्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे, म्हणून दिवसाला पाणी दीड लिटर, मीठ कमी, आणि सकाळी लघवी साफ होण्याची गोळी. आता येणारा-जाणारा सांगतो, भरपूर पाणी पाजा, रोज ओआरएस द्या. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, "पाणी योग्य प्रमाणात". योग्य म्हणजे किती, हे विचारायला गेले तोवर डॉक्टर राउंड संपवून निघून गेले होते.

दुसरं, घर. हॉलमधल्या घड्याळात तापमान दिसतं. दुपारी दोनला ते ३४ दाखवतं आणि संध्याकाळी सातला ३६! बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत आम्ही भाजत असतो. काल स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून पाहिला, तव्यासारखा तापलेला. बेडरूममध्ये मुलीने एसी बसवून दिलाय, पण हे लावू देत नाहीत. सांधे आखडतात म्हणतात. खरं कारण बिल आहे, हे मला ठाऊक आहे. अकोल्याची जाऊ म्हणते कूलर घे, वाळ्याची ताटी लाव.

आणि तिसरं म्हणजे, हे कधी म्हणजे कधी "तहान लागली" म्हणत नाहीत. मग मी ओळखायचं कशावरून? त्या दिवशी कोथिंबीर निवडत दारातच बसले असते तर? झोप लागत नाही हो. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त सिस्टर, पाचपाखाडी

ताई, आधी एक विनंती. स्टुलावर पुन्हा चढू नका. तुमचं खुब्याचं हाड मोडलं तर ह्यांच्याकडे कोण बघणार?

मी ३४ वर्षं वॉर्डात काम केलं. एप्रिल-मेमध्ये अशी माणसं आणतात आणि बरोबरचे नातेवाईक सांगतात, "सिस्टर, उन्हात गेलेच नव्हते." वय वाढलं की मेंदूला तहानेची खबर उशिरा लागते, घामही कमी सुटतो आणि मूत्रपिंडं पाणी पूर्वीसारखं राखून ठेवत नाहीत. त्यात लघवीची गोळी पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर काढते. म्हणून "तहान लागली की पितील" यावर कधीच विसंबू नका.

आता दीड लिटरचं. डॉक्टर दीड लिटर म्हणाले की घरचे घाबरून हात आखडता घेतात आणि पेशंटच्या पोटात जेमतेम पाऊण लिटर जातं. मर्यादा म्हणजे त्याच्या वर नको. त्याच्या पुष्कळ खालीही नको! सकाळी पाऊण-पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरून टेबलावर ठेवा. चहा, ताक, पातळ आमटी दिली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून काढा, कारण तेही मोजायचं असतं. दुपारी दोनला पहिली बाटली भरलेलीच दिसली तर तुम्हाला वेळेवर कळेल. मग बघा खरोखर किती जातं ते. पाच दिवसांचा हिशेब वहीत लिहा आणि तो घेऊन त्यांच्या नेहमीच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, दवाखान्यातल्या राउंडवाल्यांकडे नव्हे. त्यांना सरळ विचारा: उन्हाळ्यापुरता पाण्याचा आकडा किती? गोळीचा डोस तोच ठेवायचा का? उलटी-जुलाब झाले किंवा जेवण गेलं नाही, त्या दिवशी कोणती गोळी थांबवायची? सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या पुन्हा कधी करायच्या? हे कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पाणीही एकदम वाढवू नका. नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम आणखी खाली जातं, आणि हृदय कमजोर असेल तर तेच पाणी फुप्फुसात साठतं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर पाणी साठतंय. भराभर उतरू लागलं तर कोरडे पडताहेत. कळवायचं दोन्ही वेळा.

ओआरएस ह्यांना रोजचं सरबत म्हणून नको. एक लिटरच्या मोठ्या पुडीत जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ असतं. जुलाब झाले आणि डॉक्टरांनी सांगितलं, तरच. तेव्हाही ती अख्खी मोठी पुडी एक लिटर पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पेल्यात चिमूटभर टाकून पाजतात ते चूक आहे.

ओळखायचं कशावरून? लघवीच्या रंगावर जाऊ नका, ह्या गोळीने ती तशीही फिकट दिसते. जीभ बघा. काखेत हात घालून बघा, अगदी कोरडी लागली तर लक्ष द्या. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, विचारा. आणि सगळ्यात आधी बोलण्याकडे लक्ष ठेवा. उगाच चिडचिड, गुंगी, वार चुकणं, माणसं न ओळखणं. दूध पासबुकात ठेवलेलं तुम्ही पाहिलंत, तीच पहिली खूण होती, आणि तुम्ही ती ओळखलीत. स्वतःला दोष देऊ नका.

पुन्हा असं झालं आणि अंग तापलं असेल (१०४ फॅरनहाइटच्या पुढे गेलं तर उष्माघातच समजा), तर लगेच १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी मारत राहा, पंखा पूर्ण जोरात. मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा तो ताप नव्हे.

गच्चीवाले काका, ऐरोली

वहिनी, तुमच्या घड्याळाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी बांधकामावर सुपरवायझर होतो आणि स्वतः २२ वर्षं वरच्या मजल्यावर राहिलोय.

सूर्य दिवसभर गच्चीवर आग ओततो. स्लॅब आणि त्यावरचा कोबा ती उष्णता पिऊन घेतो, आणि ती खाली छतापर्यंत झिरपायला काही तास लागतात. म्हणून बाहेर दुपारी दोनला कडाका असतो आणि तुमचं छत तापतं संध्याकाळी सहा ते नऊ. लोक म्हाताऱ्या माणसांना "दुपारी जपा" म्हणतात. वरच्या मजल्यावर संध्याकाळ जपायची असते!

उपाय साधा आहे. गच्ची पांढरी करा. आम्ही कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक घालून दोन हात मारतो. पावसात जातो, दरवर्षी करावा लागतो. सोसायटी खर्च करणार असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो जास्त टिकतो. मारणाऱ्याने चष्मा-हातमोजे घालावेत, चुना डोळ्यात गेला तर वाईट. आमच्याकडे चुना मारल्यावर संध्याकाळी छताला हात ठेवता येऊ लागला, आधी येत नव्हता. परवानगीसाठी सेक्रेटरींना संध्याकाळी सातला घरी बोलावून अर्धा तास बसवा, लगेच देतील.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून हिरवी जाळी बांधा. काच तापायच्या आधी ऊन अडलं पाहिजे. सकाळी दहाला खिडक्या बंद, बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की सगळ्या उघड्या.

जाऊबाईंना सांगा, कूलर आणि वाळा अकोल्याला सोनं आहे, कारण तिथली हवा कोरडी. पाणी पटकन उडतं आणि उडताना गारवा देतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा. अंगावरचा घामच वाळत नाही, तिथे वाळ्याचं पाणी कुठून उडणार? खोली आणखी दमट होईल, ह्यांना जास्त त्रास होईल.

खारघरहून

आमचे बाबा उकाड्याचं मनावर घेत नसत, म्हणायचे, "नागपूरला ४५ असतं, आपल्याकडे ३७ चं काय घेऊन बसलात." हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा हिशेबच वेगळा आहे. सपाट प्रदेशात ४० पासून धरतात, किनारपट्टीला ३७ पासून, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर. १६ एप्रिल २०२३ ला इथे खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. पारा ३८ च्या आसपास होता, ४५ नव्हे. १४ माणसं गेली. त्या दिवसानंतर बाबांनी हा विषय काढला नाही.

एसीचं म्हणाल तर आम्ही बाबांना २७ वर लावून देतो आणि सोबत पंखा संथ. अंगावर थेट झोत येत नाही, सांधे धरत नाहीत. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. रात्रभर नको, तुमच्याकडे संध्याकाळी पाच ते नऊ पुरे. काकांना सांगा, दवाखान्यातल्या दोन रात्रींच्या बिलात अख्ख्या उन्हाळ्याचा एसी झाला असता.

वाशीची आजी

माझी सासू उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायला लावायची. ताडगोळे, पन्हं, सब्जा, कोकम हे पण द्यावं असं मला वाटतं. गार पडतं पोट.

निवृत्त सिस्टर, पाचपाखाडी

आजी, ताडगोळे द्या, मलाही फार आवडतात. पन्हं-कोकमात मीठ न घालता द्यायचं, आणि पेला त्या दीड लिटरात मोजायचा. खिशातल्या कांद्याने अपाय काही नाही. फक्त कांदा आहे म्हणून दुपारी बारा वाजता बँकेत जाऊ नये.

नेरूळच्या काकू

बारा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे खूप आभार.

सिस्टर, बाटल्या भरून ठेवल्या आणि पहिल्याच दिवशी कळलं. रात्री नऊला दुसरी बाटली जवळजवळ भरलेली! हे दिवसाला आठशे मिली सुद्धा पीत नव्हते आणि मी समजत होते दीड लिटर होतंय. पाच दिवसांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही आधी पूर्ण वाचली, मग गोळी अर्धी केली, उन्हाळ्यापुरता आकडा पावणेदोन लिटर लिहून दिला, आणि उलटी-जुलाबाच्या दिवशी काय थांबवायचं तेही. तो कागद फ्रिजच्या दारावर लावलाय. सोडियम परवा १३५ आलं. ते पाहून दवाखान्यातच डोळे भरून आले माझे.

काका, घड्याळ घेऊन मी खालच्या मजल्यावर गेले, आमच्याच हॉलच्या बरोब्बर खालच्या हॉलमध्ये. संध्याकाळी सात वाजता ठेवलं. पंधरा मिनिटांत ३६ वरून ३२ वर आलं. एकच जिना, चार अंशांचा फरक! त्या घरातल्या वहिनींनीच म्हटलं, मग भाऊंना रोज पाचला इथे आणत जा, दोघे मिळून कॅरम खेळतील. आता रोज हे एक जिना उतरतात, आठला वर येतात, मधल्या पायरीवर आम्ही एक खुर्ची ठेवलीय. एसी २७ वर, एक दिवसाआड. बिलाचं बोलणं अजून होतं, पण रिमोट माझ्याकडे असतो.

चुन्याचा पहिला हात झाला. सेक्रेटरी अर्धा तासही बसले नाहीत, वीस मिनिटांत हो म्हणाले. आज सातला घड्याळात ३४.

काका, एकच विचारायचंय. गच्चीवरची काळी टाकी इतकी तापते की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. ह्यांना हातपाय धुवायला मी सकाळीच बादली भरून ठेवते. टाकीलाही चुना मारला तर चालेल का?

गच्चीवाले काका, ऐरोली

बाहेरून चालेल, पण प्लास्टिकवर चुना धरत नाही, दोन दिवसांत पोपडे येतील. बाहेरचा पांढरा रंग घ्या, आधी टाकी घासून कोरडी करा. आतून काही लावायचं नाही, झाकण घट्ट लावून रंगवा. तोवर तीच हिरवी जाळी टाकीवर ताणून बांधा, मध्ये वीतभर जागा सोडून. गच्चीवर वॉचमनला पाठवा, तुम्ही चढू नका.