दया फक्त गुड फ्रायडेचीच का?
कुणीतरी लिहिलेलं वाचलं की दया, क्षमा हे सगळं गुड फ्रायडेचं, ईस्टर म्हणजे फक्त मरणावरचा विजय. मला हे अर्धंच पटतं. योहानाच्या शुभवर्तमानात मेलेल्यातून उठलेला येशू आपल्या अनुयायी मग्दालीया मरीयेला भेटल्यावर गेला कुणाकडे, तर सोडून पळालेल्या आणि दारं लावून बसलेल्या शिष्यांकडेच, आणि एका शब्दानं रागावला नाही, तुम्हाला शांती असो म्हणाला. त्याच शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला तीनदा नाकारतो, तिथे कोळशाच्या विस्तवाजवळ शेकतही असतो, आणि 21 व्यात परत तसाच कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि येशूचा पेत्राला तीनदा तोच प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस का. रागावणं दूरच, उलट आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हातात दिली! कॅथलिक मंडळी 2000 सालापासून ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा म्हणून पाळतात ते मला म्हणूनच फार योग्य वाटतं.

आम्ही मिरजेचे, ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासनेला जातो. वडील आणि काका जमिनीवरून 11 वर्षं बोलत नव्हते, आजी गेली त्याच्या पुढच्या ईस्टरला अंधारात दोघं तिच्या कबरीपाशी एकदमच पोचले, मेणबत्त्या दोघांकडे पण काडेपेटी एकट्या काकांकडे. 'घे दादा' एवढंच म्हणाले. त्या दिवशी चहाला काका आमच्या घरी होते.